दादा, ह्याच्यावर जीटीए चालतोय का?

सांगलीत विश्रामबागेत माझं कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) दुरुस्तीचं आणि सेकंडहँड गेम घ्यायचं-विकायचं छोटं दुकान आहे, आणि इतक्या वर्षांत काउंटरवर पहिला प्रश्न एकच ऐकलाय. रॅम किती, प्रोसेसर कुठला हे कोण विचारत नाही. "दादा, ह्याच्यावर जीटीए चालतोय का?" एवढंच. जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, गाड्या पळवायचा आणि मारामाऱ्या करायचा गाजलेला गेम.

गेल्या उन्हाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार दहावी झालेल्या पोराला घेऊन आले. माझ्याकडे एक वापरलेला निन्टेन्डो स्विच होता, चांगल्या कंडिशनमधला, पोराला लगेच आवडला, हातात घेऊन खालीवर करून बघितला आणि तोच प्रश्न विचारला. म्हणलं, जुने तीन जीटीए येतात, पण तू म्हणतोयस तो पाचवा ह्याच्यावर कधी आलाच नाही. पोरगं गप्प झालं, पण वडील गप्प बसले नाहीत. "का ओ, पंधरा कोटी मशीन खपलीत म्हणतंय हे पोरगं, मग त्या जीटीएवाल्याला माल विकायचा न्हाई का?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि भल्याभल्यांना त्याचं उत्तर माहीत नसतं. लोकांना वाटतं मशीन कमजोर असलं की गेम येत नाही, तर तसं नाहीये, जीटीए फाइव्ह २०१३ साली पहिल्यांदा आला तो सोनीच्या पीएस थ्री (प्लेस्टेशन थ्री) आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर, ज्यांच्यात ५१२ एमबी मेमरी होती, आणि स्विचमध्ये ४ जीबी आहे. म्हणजे बसला असता. मी त्यांना उलटं विचारलं, अण्णा, तुम्ही सगळी द्राक्षं युरोपला का पाठवत नाही? तिकडं दर चांगला असतो की.

ते हसले आणि सगळं स्वतःच सांगत गेले, की तिकडं पाठवायचं म्हणजे मण्याची साइज काढायला लागते, औषधं मोजून मारायला लागतात, मालात औषधाचा अंश किती उरलाय त्याचा, रेसिड्यूचा, रिपोर्ट लागतो, पॅकिंग वेगळं, मजूर वेगळे, आणि एवढं करून कंटेनर नाकारला तर सगळं अंगावर, त्यापेक्षा काही माल लोकलला जातो आणि काहीचा बेदाणा करतो. म्हणलं, झालं, गेम बनवणारा पण हेच करतो.

आता नीट सांगतो. कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे गेम असतात, निन्टेन्डोचा मारिओ, सोनीचा गॉड ऑफ वॉर, ते त्यांच्या मशीनवर येणारच. पण नुसत्या घरच्या गेमवर दुकान भरत नाही, बाकी सगळा माल बाहेरच्या कंपन्यांचा असतो, ह्यांना थर्ड पार्टी म्हणतात. त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती नाही, प्रत्येक मशीनसाठी ते वेगळा हिशोब मांडतात.

तो हिशोब मी अण्णांना बिलाच्या मागं लिहून दाखवला, आकडे समजण्यापुरते धरलेले. गेम तयार आहे, तो दुसऱ्या मशीनवर न्यायचाय, ह्याला पोर्ट करणं म्हणतात. दहा माणसं, आठ महिने, माणशी महिना एक लाख, म्हणजे ८० लाख. गेम हजाराला विकला तर साधारण ३० टक्के कन्सोलवाली कंपनी घेते, अडतीसारखं समजा, उरले ७००, पण बरेच लोक सेल लागला की घेतात, सरासरी ४०० धरा. म्हणजे नुसता खर्च निघायला २० हजार कॉप्या खपल्या पाहिजेत. मशीन एक कोटी घरांत असेल तर पाचशे घरांत एकानं घेतला की झालं. मशीन दहा लाखच घरांत असेल तर पन्नासात एकानं घ्यायला पाहिजे, आणि ते अवघड असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कागदावर दिसतच नाही, ती म्हणजे ती दहा माणसं त्या आठ महिन्यांत नवा गेम करत बसली असती. माझ्या मते बहुतेक "येत नाही" मागं हेच कारण असतं, राग नाही, गटबाजी नाही, माणसं रिकामी नाहीत.

आता हा धंदा सुरू कसा झाला ते बघायला पाहिजे, कारण तिथंच सगळी मेख आहे. सुरुवातीला बाहेरचा डेव्हलपर ही भानगडच नव्हती. अटारी ही तेव्हाची मोठी अमेरिकन कन्सोल कंपनी, तिचे गेम तीच करायची. १९७९ ला तिथले काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली, अटारीच्याच मशीनसाठी गेम बनवणारी पहिली बाहेरची कंपनी. मग बघून बघून सगळेच आले, कुणाचं कुणावर बंधन नाही, बाजारात इतका भिकार माल आला की १९८३ ला अमेरिकेत अख्खा धंदा बसला. निन्टेन्डोनं हे बघितलं होतं, म्हणून त्यांनी १९८५ ला एनईएस नावाचं आपलं मशीन अमेरिकेत उतरवलं तेव्हा आत एक कुलपाची चिप घातली, जोडीची चिप कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, नसेल तर गेम चालूच होत नाही. आणि वर अटी, वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवणार, पैसे आधी भरायचे, माल खपला नाही तर तुमचा तुम्ही बघा.

इथं एक गंमत सांगतो जी आमच्या पिढीला जवळची आहे. एनईएसचं जपानमधलं मूळ मशीन म्हणजे फॅमिकॉम, त्यात ही कुलपाची चिप नव्हती. त्यामुळं त्याच्या नकला करणं सोपं गेलं आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडं जे टीव्ही गेम आले, ज्यात कॅसेट काढून फुंकर मारून परत घालायचो, कॉन्ट्रा आणि मारिओ खेळायचो, ते ह्याच फॅमिकॉमचे भाऊबंद. एका कॅसेटीत शेकडो गेम लिहिलेले असायचे आणि तेच चार-पाच गेम परत परत यायचे. ज्यांनी ते गेम बनवले त्यांना आपल्या एका रुपयातलाही पैसा गेला नाही. आम्ही शेकड्यानं खेळणारे होतो पण त्या हिशोबाच्या वहीत आमचं नावच नव्हतं, आणि पुढं कितीतरी वर्षं भारताकडं कंपन्यांचं लक्ष नव्हतं त्यात ह्याचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

असो. निन्टेन्डोच्या अटी सगळ्यांनी मुकाट्यानं सोसल्या कारण गर्दी तिथंच होती. पण पर्याय मिळाला की माणसं हलतात. १९९० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईएनं सेगा ह्या दुसऱ्या कंपनीच्या जेनेसिस मशीनचं कुलूप स्वतःच उलगडून काढलं आणि त्या जोरावर सेगाशी आपल्या सोयीचा करार केला.

मग आला १९९६ चा निन्टेन्डो ६४. मशीन दणकट, सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनपेक्षा बऱ्याच बाबतीत पुढं, पण निन्टेन्डो कार्ट्रिजवरच अडून बसली. कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी, आणि सोनीच्या एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास. सीडी छापायला स्वस्त, संपली की लगेच परत छापून येते, कार्ट्रिज महाग आणि ऑर्डर महिनोन् महिने आधी द्यायची, म्हणजे गेम चालेल की पडेल हे कळायच्या आत पैसे अडकले. स्क्वेअर ही कंपनी तोवर फायनल फँटसी निन्टेन्डोवरच काढत होती, तिनं सातवा भाग १९९७ ला प्लेस्टेशनवर काढला, तीन सीड्यांवर. नुसता तो गेम गेला असं नाही, त्याच्या मागं तसले गेम खेळणारी अख्खी जनता गेली, आणि ती गेली म्हणून तसले गेम करणाऱ्या बाकीच्या कंपन्या पण गेल्या. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींच्या वर आणि निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास.

कार्ट्रिजवर बसवता येतच नव्हतं असं पण नाही हां. १९९९ ला अँजेल स्टुडिओज नावाच्या टीमनं रेसिडेंट इव्हिल टू, जो प्लेस्टेशनवर दोन सीड्यांचा होता, तो ६४ एमबीच्या एका कार्ट्रिजमध्ये व्हिडिओसकट बसवून दाखवला. अफाट काम आहे ते. पण असं काम करायला लागणं हीच अडचण आहे, प्रत्येक कंपनीकडं असली माणसं आणि एवढा वेळ कुठनं असणार.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या विषयावर येतो, पीएस टू आणि पीएस थ्री. पीएस टू वर गेम बनवणं सोपं नव्हतं, आतली रचना विचित्र होती, प्रोग्रामर मेटाकुटीला यायचे. तरीपण सगळे आले, कारण साडेपंधरा कोटींच्या वर मशीन खपली. म्हणजे अवघड असणं एकटं काही बिघडवत नाही, पलीकडं गर्दी उभी असली तर माणूस डोंगर पण चढतो. सोनीला वाटलं पुढं पण असंच होईल.

२००६ ला पीएस थ्री आला, आत सेल नावाचा प्रोसेसर. हा कसा होता ते लग्नाच्या स्वयंपाकावरनं सांगतो. एक मुख्य आचारी, आणि गेमच्या कामाला हाताखाली सहा माणसं. सहाही झपाट्याची, पण प्रत्येकाला एकच छोटी परात, २५६ केबीची. आणि नियम असा की कोठीतलं सामान थेट वापरायचं नाही, लागेल तेवढं आधी परातीत आणायचं, कापायचं, मळायचं, परत नेऊन ठेवायचं, मग पुढचं आणायचं. कुणी कधी काय आणायचं हे सगळं आचाऱ्यानं, म्हणजे प्रोग्रामरनं, आधीच मिनिटामिनिटाचं ठरवून ठेवायचं. जमलं तर हजार पानं तासात उठतात, नाही जमलं तर सहा माणसं परात घेऊन नुसती उभी. वर कोठ्या पण दोन, २५६ एमबी प्रोसेसरची आणि २५६ एमबी ग्राफिक्सची. शेजारी एक्सबॉक्स ३६० एक वर्ष आधीच आलेला, त्यात तीन सारखे आचारी आणि ५१२ एमबीचा एकच मोठा ओटा, कुणीही कुठनंही उचला.

आता तुम्ही बाहेरची कंपनी आहात, गेम दोन्हीवर काढायचाय. सोप्या मशीनवर आधी बनवणार आणि मग अवघडवर कसाबसा बसवणार, हे उघड आहे. झालं पण तसंच. २०११ चा स्कायरिम हा गेम पीएस थ्री वर खेळत जाल तसा, सेव्ह फाइल वाढली की, रखडायला लागायचा, आणि त्याचा डॉनगार्ड हा पुढचा भाग एक्सबॉक्सवर जून २०१२ ला आला तर पीएस थ्री वर फेब्रुवारी २०१३ उजाडला. सोनीच्या घरच्या टीमनी त्याच मशीनवर डोळे दिपवणारे गेम केले, कारण त्यांना ते एकच मशीन शिकायचं होतं. बाहेरच्यांना ती चैन नसते.

सोनी ह्यातनं शिकली आणि मला ह्याचं फार कौतुक वाटतं. पीएस फोर करताना त्या मशीनची रचना करणाऱ्या मार्क सर्नी ह्यांनी आधी गेम बनवणाऱ्यांना जाऊन विचारलं की तुम्हाला काय पाहिजे, सगळ्यात जास्त मागणी निघाली एकाच मोठ्या सामायिक मेमरीची, आणि मशीनमध्ये ८ जीबीची तशीच मेमरी आली, प्रोसेसर पण कॉम्प्युटरसारखा नेहमीचा. सर्नींनी एक साधं माप सांगितलं होतं, टीमच्या हातात नवं मशीन दिल्यापासनं पडद्यावर पहिला त्रिकोण उमटेपर्यंत, म्हणजे गाडं चालू होईपर्यंत, किती वेळ लागतो. पहिल्या प्लेस्टेशनला एक-दोन महिने, पीएस टू ला तीन ते सहा, पीएस थ्री ला सहा ते बारा, आणि पीएस फोर ला परत एक-दोन महिने. टेराफ्लॉपच्या, म्हणजे मशीनच्या ताकदीच्या, आकड्यांवर पोरं दुकानात भांडतात पण माझ्या मते हे महिन्यांचं माप त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

बरं, मग गर्दी आहे आणि मशीन पण सोपं आहे, तरी गेम येत नाही असं होतं का? होतं की. निन्टेन्डो वी, २००६ चाच. १० कोटी १६ लाख खपला. पण तो एचडी नव्हता, ३६० साठी बनवलेला गेम त्यावर जसाच्या तसा जायचाच नाही, जवळपास नवा करायला लागायचा. आणि घेणारे लोक पण वेगळे, घरातली लहान पोरं, आई, आजी, हातात रिमोट धरून टेनिस खेळणारी मंडळी, त्यातले रक्तबंबाळ शूटिंग गेम घेणारे किती? गर्दी मोजताना नुसती डोकी मोजून भागत नाही, तुमचा माल घेणारी डोकी मोजायची. यूबीसॉफ्टला हे बरोबर कळलं, त्यांनी जस्ट डान्स काढला, टीव्हीसमोर नाचायचा गेम, त्या गर्दीला अगदी फिट. तो वीवर इतका खपला की जस्ट डान्स २०२० सुद्धा वीवर आला, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मशीन निघाल्यावर तेरा वर्षांनी!

वीच्या मागनं २०१२ ला वी यू आला आणि त्याचं दुःख मी घरात बघितलंय. माझा मावसभाऊ तेव्हा परदेशात होता, त्यानं हौसेनं घेतला आणि सुट्टीत मिरजेला घेऊन आला. मारिओ झाला, दोन-तीन गेम झाले, मग तो रोज बघायचा की नवीन काय येतंय, आणि काही येईना. ईएनं २०११ ला स्टेजवर येऊन ह्याच मशीनसाठी मोठ्या भागीदारीचं बोलणं केलं होतं आणि २०१३ च्या मे मध्ये त्यांच्याकडनंच कळलं की वी यू साठी एकही गेम कामात नाही. हे चक्र एकदा उलटं फिरलं की थांबवणं फार अवघड, गेम नाहीत म्हणून लोक मशीन घेत नाहीत, लोक नाहीत म्हणून गेम येत नाहीत. १ कोटी ३५ लाखांवर गाडी थांबली. भावानं ते मशीन माझ्याच दुकानात ठेवलंय, कुणी विचारलं तर देऊन टाक म्हणून, पण अजून कुणी विचारलं नाही.

सेगाच्या ड्रीमकास्टचं पण थोडंफार तसंच, ईएनं त्यावर एकही गेम दिला नाही. त्यांना खेळांच्या गेमची मक्तेदारी पाहिजे होती आणि सेगानं तेव्हाच स्वतःचा स्पोर्ट्स स्टुडिओ विकत घेतला होता, हे सेगाचे तेव्हाचे अधिकारी बर्नी स्टोलर ह्यांनीच नंतर सांगितलंय. जानेवारी २००१ ला सेगानं मशीन बंद करत असल्याचं जाहीर केलं.

अजून एक गोष्ट राहिली जी बाहेरनं दिसत नाही, ती म्हणजे तपासणी. अण्णांच्या रेसिड्यू रिपोर्टसारखी. तयार गेम कन्सोल कंपनीकडं जातो आणि ते लोक मुद्दाम त्रास देऊन बघतात, ऐन लढाईत कंट्रोलरची बॅटरी काढून घेतात, गेम लगेच थांबून "कंट्रोलर जोडा" असं म्हणाला पाहिजे, नाही म्हणाला तर परत जा. सेव्ह होताना वीज गेली तर काय, मधेच दुसऱ्या माणसानं लॉगिन केलं तर काय, असे ढीगभर नियम आणि तिन्ही कंपन्यांचे वेगवेगळे. छोट्या टीमचे ह्यात आठवडेच्या आठवडे जातात. कधी कधी नियमच गेम अडवतो. २०२३ ला बाल्डर्स गेट थ्री पीएस फाइव्हवर सप्टेंबरला आला, एक्सबॉक्सला डिसेंबर लागला, कारण मायक्रोसॉफ्टचा आग्रह होता की महागड्या सिरीज एक्समध्ये जे आहे ते स्वस्त सिरीज एसमध्ये पण पाहिजे, आणि एसच्या १० जीबी मेमरीत पडदा दोन भागांत करून दोघांनी खेळणं बसेना. शेवटी तेवढी एक गोष्ट एसवर सोडून द्यायला परवानगी मिळाली तेव्हा गेम सुटला.

आणि पैशाचे करार असतातच. राइज ऑफ द टूम रेडर २०१५ ला आधी एक्सबॉक्सवर आला आणि पीएस फोरवाल्यांनी एक वर्ष वाट बघितली. लोक चिडतात, पण कधी कधी तो पैसा नसता तर गेमच नसता, बेयोनेटा टू ला निन्टेन्डोनं पैसा घातला म्हणून तो झाला, असं बनवणारे स्वतः म्हणतात.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या टीमनं राजी नावाचा गेम केला, भावाला शोधत निघालेली एक मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाडे आणि भिंतींवरची चित्रं, बघूनच ऊर भरून येतो. लोकांकडनं पैसे गोळा करायचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला, तरी त्यांनी सोडलं नाही. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तो सगळ्यात आधी आला कुठं, तर निन्टेन्डो स्विचवर, जो तेव्हा भारतात अधिकृतपणे विकायला पण नव्हता! बाकी मशीनवर ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात बनलेला गेम सांगलीच्या पोराला आधी खेळायचा तर मशीन बाहेरनं मागवायला लागणार. पण त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, छोट्या कंपन्यांचे वेगळे गेम आवडीनं विकत घेणारी गर्दी तेव्हा स्विचवर होती, आणि त्यांनी गेम अनरिअल इंजिन ह्या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर केला होता, जे सगळ्या मशीनवर चालतं, त्यामुळं एका मशीनवरनं दुसऱ्यावर जायचं काम बरंच हलकं होतं.

हे सगळं ऐकेपर्यंत अण्णांचा चहा गार झाला. स्विच बाजूला ठेवून मी त्यांना एक वापरलेला पीएस फोर दाखवला, सोबत जीटीए फाइव्हची डिस्क, बजेटमध्ये बसत होता. पोरगं खूश. मग अण्णांनीच विचारलं, "आणि नवा जीटीए येणाराय म्हणतंय, तो चालंल न्हवं ह्याच्यावर?"

म्हणलं, नाही. सहावा पीएस फाइव्ह आणि नव्या एक्सबॉक्ससाठीच जाहीर झालाय.

"का? ही मशीन पण कोटीनं असतील की घराघरात."

११ कोटी ७० लाखांच्या आसपास खपलेत, म्हणलं. पण मशीन २०१३ चं आहे, घेणारे हळूहळू पुढच्यावर चाललेत.

अण्णांनी मान हलवली. "बरोबर हाय. पुढच्या साली बाग काढायची असंल तर तिच्या छाटणीवर कोण खर्च करतंय?" मग पोराकडं बघितलं, पैसे मोजले आणि मला म्हणाले, दोन वर्षांनी हे मशीन परत आणलं तर किती द्याल तेवढं लिहून द्या. मी बिलाच्या मागं, त्या ८० लाखांच्या हिशोबाखालीच, रक्कम लिहून सही केली.